पखवाजाची कणीक

भिजवलेल्या कणकेचा वास आला की मला विद्यापीठाच्या संग्रहालयातली ती थंडगार खोली आठवते. आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतल्या भजनी मंडळाने आपला जुना पखवाज तिथल्या गिरणगावाच्या प्रदर्शनाला दिला होता, उद्घाटनाला तो आम्हीच वाजवायचा या बोलीवर. त्या दिवशी मंडळात पखवाज वाजवणारे माझे काका इस्त्रीचा सदरा घालून आले. पखवाज घुमावा म्हणून त्याच्या डाव्या बाजूला थापायची ओली कणीक त्यांनी डब्यात आणली होती. पखवाज काचेच्या पेटीत कुलूपबंद होता. "कणकेने कीड लागते, तो आता वाजवायचा नाही," प्रदर्शनाच्या बाई डब्याकडे असं बघत म्हणाल्या, जणू आत मेलेला उंदीर होता. "वाजवचो नाय, तर आमका बोलावलात कित्याक?" काकांनी विचारलं. "फोटोसाठी. या ना, पेटीमागे उभे राहा." काका पेटीपाशी गेले, डबा उघडला आणि कणकेचा अख्खा गोळा काचेवर थापला, बरोबर 'लोकसहभागातून साकार' या अक्षरांवर. बाईंनी शिपायाला हाक मारली, पण आम्ही आधीच निघालो होतो. पखवाज अजून तिथेच आहे, गप्प. मी घरी कणीक मळते तेव्हा बुक्के जरा जोरातच बसतात.