टाइट हवा आणि मऊ वाळू

डोंबिवलीच्या खड्ड्यांत गाडी शिकलेल्या बाईला समुद्र काय घाबरवणार? पण अलिबागच्या किनाऱ्यावर माझी फोर-बाय-फोर मऊ वाळूत अशी रुतली, की आणखी वीतभर गेली असती तर पाताळ लागलं असतं. वर भरती धावत येत होती.

"वहिनी, उतरा! बैल आणतो ओढायला," दीर ओरडले.

"बैल तुमच्या गॅलरीत बांधा, भाऊजी," म्हणत मी चारही टायरची निम्मी हवा सोडली.

नवरा कळवळला, "अगं, सकाळीच मानपाड्याला टाइट भरलेली!"

"म्हणूनच रुतलो. वाळूत न रुतणारे उंटाचे पसरट पाय बघितलेस कधी?"

चपटलेल्या टायरांवर गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू वर चढली. लाट बंपर चाटून रिकामी परतली. तिला मी असा हॉर्न दिला, की ठाण्याला खोपटच्या डेपोत एसट्या बाजूला झाल्या असतील.