हिलालभाऊंनी आणलेलं रोटाचं पीठ

आमच्या धुळ्याच्या देवपुरातल्या गल्लीत कोणाच्या घरी काय शिजतंय हे दोघांनाच ठाऊक असतं. एक मी, कारण पिठाची चक्की माझी. दुसरे हिलालभाऊ, कारण अर्ध्या गल्लीचा बाजार त्यांच्या सायकलवर येतो.

भाऊ कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाले आणि पाठोपाठ वहिनी गेल्या. पोरगा हितेंद्र पुण्याला. एका दिवाळीला तो आला नाही, त्याच्याऐवजी खोक्यातून एक टोपली आली. सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसणारी, काळ्या तारेची. खटका दाबला की सुटते, वर कडी आहे, कडीला धरून सामानासकट थेट घरात न्यायची. भाऊंनी बरेच दिवस तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग एकट्या जिवाला एवढ्या टोपलीत आणायचं तरी काय, म्हणून बायकांना विचारायला लागले, "पाचकंदीलच्या बाजारात चाललो, काही आणायचंय का?" पैसे घेत नाहीत, चहा घेतात. खरं सांगू? चहाचंही निमित्तच. ओट्यावरच्या माणसाला कोणी स्वयंपाकघरात बोलवत नाही, टोपलीवाल्याला बोलवतात.

सगळ्यात जास्त जीव झुंबरअक्कांच्या घरावर. अक्का त्यांना भाऊ मानतात, राखी बांधतात, आणि हक्कानं पिदाडतातही. "हिलालभाऊ, कोथिंबीर आणी का गवत आणं?" असं ऐकलं की भाऊंचा चेहरा खुलतो. माझा माणूस मला असं बोलला असता तर मी त्याला चक्कीत घातलं असतं.

यंदाच्या श्रावणात जे झालं ते याच घरात झालं.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई ही देवी बसते. त्याआधी रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू निघतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ सुपात टाकायची. हे दळण वेगळं असतं. मी त्या दिवशी चक्की झाडून-पुसून लख्ख करते, आधी दुसऱ्या कोणाचा दाणा पडू देत नाही. ते पीठ कशात मिसळायचं नाही, भुईला टेकवायचं नाही. आणि त्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे. परक्याला तुकडाही नाही, मग तो कितीही जवळचा असो. हिलालभाऊ दरवर्षी अक्कांकडे नारळ ठेवायचे, आत ताटं मांडली की उठून ओट्यावर जायचे आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचे.

अक्कांचा थोरला योगराज सुरतेला कामाला आहे. होळीच्या सुमाराला त्याला कावीळ झाली, इतकी की डॉक्टरांनी हात टेकले होते. पोरगा वाचला. अक्कांच्या लेखी तो कानबाईनं वाचवला, आणि यंदाचे रोट त्याच्या हातात पडले की मग त्याला काही भीती नाही. तुम्ही हसा खुशाल. त्या बाईनं दवाखान्याच्या दारात काय काढलंय ते मला माहीत आहे.

शुक्रवारी भाऊ अक्कांचे गहू घेऊन आले. मी दळले, पीठ धुतलेल्या फडक्यात बांधलं आणि बजावून सांगितलं, "सरळ घरी न्या भाऊ. मधे कुठे थांबायचं नाही."

"हो वहिनी, हे काय निघालोच," म्हणाले.

आणि हा माणूस निघाला तो कुठे? पाचकंदीलला! अक्कांनी गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, आणि गूळही सांगितला होता ना. दोन खेपा कशाला, एकीत उरकू. पीठ खाली, गंगाफळ वर. येताना पुलाच्या तोंडाशी गतिरोधकावर गंगाफळ गडगडलं, टोपलीचा खटका सुटला आणि टोपली पालथी झाली. फडक्याची गाठ सुटून पीठ गटारीच्या कडेला.

हे मला कळलं शनिवारी सकाळी. भाऊ दुसऱ्या कोणाचं दळण घेऊन आले, आणि मला टोपलीच्या तारांत अडकलेलं पीठ दिसलं. मी बांधलेलं फडकं सुटल्याशिवाय पीठ तिथे जाईल कसं? मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. झालं, गडी ओट्यावर बसला आणि सगळं ओकला.

"अर्ध्याच्या वर गेलं, वहिनी. वरचं वरचं उचललं. बाकी दुकानातून पाकिटाचं घेऊन घातलं. वजन बरोबर केलं मी."

"वजन?" माझा तोल गेला. "अहो, वजन मागितलं होतं का कोणी? नावं होती त्यात! माणसं होती!"

ते मान खाली घालून बसले. म्हणाले, रात्रभर डोळा लागला नाही, योगराजला परत काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू. मग मी जरा मऊ झाले. म्हटलं, अजून काही बिघडलं नाही, आज शनिवार आहे. अक्का परत मुठी घेतील, मी परत चक्की पुसते. शिव्या देतील, खा शिव्या. पण आत्ता जा.

गेले. तासाभरानं परत आले ते तोंड पाडूनच.

"सांगितलंत?"

"तोंडापर्यंत आलं होतं, वहिनी. तेवढ्यात योगराजचा फोन आला, उद्या दोंडाईच्याला गाडीतून उतरून एसटीनं घरी येतो म्हणून. अक्का नाचायची बाकी राहिली होती. माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. म्हणाली, तुन्हा हातले यश शे, भाऊ."

"आणि तुम्ही खाल्लात."

"खाल्ला," ते म्हणाले.

मी जाऊन सांगू शकले असते. पण चूक ज्याची त्यानंच तोंड उघडावं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं. कधी कधी नाही वाटत.

रविवारी संध्याकाळी मी अक्कांकडे दर्शनाला गेले. कानबाई नटून बसली होती, बाया गाणी म्हणत होत्या. योगराज आला होता, वाळलेला, पण हसत होता. आत ताटं मांडली गेली. योगराज, त्याचे वडील निंबानाना, धाकटा प्रेमराज. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. हिलालभाऊ नेहमीसारखे उठून ओट्याकडे निघाले.

"कोठे चालना?" अक्का आतून ओरडल्या. "आत ये. बस जेवाले."

भाऊ उंबऱ्यातच थांबले. "अक्का, मी कसा... मी भाऊबंद नाही."

"यंदा तुन्हा नावनी मूठ घेतेल शे मी," अक्का म्हणाल्या. "पोऱ्या मरता मरता वाचना, तवय रोज डबा कोण लई जाये दवाखानामा? सख्खा भाऊ उना नही. बस."

धुळ्याच्या दवाखान्यात योगराजला आणलं होतं, तेव्हा अक्कांचा सख्खा भाऊ फिरकला नाही, हिलालभाऊंची टोपली मात्र खरंच दोन्ही वेळा जायची. त्यांना ओढूनच पाटावर बसवलं. समोर ताट आलं. भाऊंनी रोटाला हात लावला. मग रडायलाच लागले, एवढा मोठा माणूस, भर पंगतीत. आणि सगळं सांगितलं. पूल, गटार, पाकिटाचं पीठ, गुळाचा खडा.

गाणी थांबली. योगराजचा घास हातात राहिला, अर्धा रोट त्याचा खाऊन झाला होता.

"पीठ ते पीठ," निंबानाना म्हणाले. "जेवू द्या पोराला."

"तुम्ही बोलू नका," अक्का म्हणाल्या. त्या भाऊंच्या समोर उकिडव्या बसल्या. "कोन्ही मूठ सांडनी?"

अक्का एकेका ताटाकडे बोट दाखवत गेल्या, शेवटी निंबानानांच्या.

"सांग ना. योगराजनी का प्रेमराजनी? का यास्नी?"

"अक्का, पीठ एकत्रच होतं..."

अक्कांनी योगराजच्या ताटाकडे पाहिलं. ते पोर घास धरून बसलेलं, आईचा चेहरा वाचत. मला वाटलं, आता या सगळी ताटं उचलतील. त्यांनी एकच उचललं, भाऊंच्या समोरचं.

"सांडनी ती तुन्ही," त्या म्हणाल्या. "मन्हा पोरेसन्या मुठी शाबूत शेतस. खाय रे, योगराज."

योगराजनं आईकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, आणि घास तोंडात घातला.

"हो अक्का," भाऊ लगेच म्हणाले, जणू कोणी सुटका केली होती. "माझीच सांडली." आणि पाटावरून उठून पायऱ्या उतरून गेले. हात धुवायलाही थांबले नाहीत. धुण्यासारखं काही खाल्लंच नव्हतं.