घरटी एक माणूस, वीस बाजूंचा फासा

रोल-प्लेइंग गेमच्या प्रकाशनाचं भविष्य काय, या विषयावरचं एक ऑनलाइन व्याख्यान मी शेवटपर्यंत ऐकलं आहे. बोलणारे गृहस्थ म्हणाले, यापुढे छापील पुस्तक हौशी श्रीमंतांच्या कपाटात दिसेल, बाकीच्यांनी मोबाइलवर वाचायचं, आणि गोष्ट सांगायचं कामसुद्धा हळूहळू मशीनच करील. मी तेव्हा कोलंबी सोलत होते. कॅमेरा बंद होता म्हणून इज्जत राहिली.

हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चार माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि ‘आता मी हे करतो’ असं सांगत जातात. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. या सगळ्याचे नियम एका पुस्तकात असतात आणि अशी पुस्तकं लिहिण्यावर जगात कुठेतरी माणसं पोट भरतात. मी भरत नाही. मी न्हावा शेवा बंदरात एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मालाची कागदपत्रं करते. असल्या खेळांचे परदेशी खोके आले की आमच्याकडे तासभर वाद चालतो, जकातीसाठी हे खेळणं म्हणायचं की पुस्तक. एका व्यापाऱ्याने त्यातला एक खोका नमुना म्हणून दिला आणि मला नाद लागला. नातेवाइकांना मी ‘गेम लिहिते’ म्हटलं तर त्यांना वाटतं ऑनलाइन रमी.

माझ्या खेळाचं नाव ‘खांड’. आमच्याकडे भातशेतीत खाडीचं पाणी शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध असतो. उधाणाच्या भरतीला तो एखाद्या जागी फुटतो, ती खांड. खेळाडूंनी भरती पुरी चढायच्या आत ती बुजवायची. पुण्यातल्या एका प्रकाशकांना कल्पना आवडली. फक्त ते म्हणाले, “यात हिरो कोण? प्रत्येकाला स्वतःची शक्ती हवी, स्वतःचं ध्येय हवं. लोक शेवटी स्वतःसाठी खेळतात.” छापून येण्याच्या हावरेपणापायी मी सगळं केलं. एकजण पाण्याखाली श्वास धरतो, एकाच्या हाती पणजोबांचा कोयता, एक बाई खेकड्यांशी बोलते. ती बाई मलाही आवडली होती, हे कबूल करते. आणि नियम असा, की फासा पाचच्या खाली पडला तर माणूस बुडाला, खेळातून बाद.

एका रविवारी जेवणं झाल्यावर मी आईला आणि शेजारच्या काकीला हा खेळ खेळायला बसवलं. बाबा बाहेर ओट्यावर मोबाइलवर क्रिकेट बघत होते. त्यांना मी बोलावलं नाही.

बांधाचा विषय आमच्या घरात निघत नसे. पूर्वी खांड पडली की गावात आरोळी व्हायची आणि घरटी एक माणूस चिखलाचे पेंड, म्हणजे मोठाले गोळे, उचलायला जायचा. शेत कोणाचं बुडतंय हे कोणी विचारत नसे. मी कॉलेजात असताना बांध शेवटचा फुटला तो भर दुपारी. बाबांचं मिठागर तेव्हा बंद पडलं होतं आणि ते ट्रेलर चालवायचे. त्या दिवशी ते ट्रेलर घेऊन बंदराच्या रांगेत अडकले होते. आई आम्हा मुलांना घेऊन मामाकडे गेली होती. गावातल्या बाकी सगळ्या घरांतून माणूस गेला, आमच्या घरातून गेला नाही. खांड बुजली नाही. आमच्यासकट कितीजणांची शेतं खारी झाली, आता तिथे तिवरांची झाडं उभी आहेत. आम्हाला कोणी चकार शब्द बोललं नाही. तेच बाबांना लागलं असावं. तेव्हापासून ते देवळात जातानासुद्धा बांधाची वाट टाळून लांबून जातात. मी हा खेळ लिहिला तो त्यांच्यासाठी, आणि त्यांना दाखवायची माझी छाती होत नव्हती. प्रकाशक, भविष्य वगैरे सगळं त्याच्यानंतर.

आईच्या वाट्याला खेकड्यांशी बोलणारी आली. “काय बोलू त्यांच्याशी?” आई म्हणाली. “कालवनात या म्हनू?”

काकीने कोयतेवाला घेतला, फासा टाकला, दोन पडले. मी नियम वाचून दाखवला. तुझा माणूस बुडाला, तू बाद.

“बुडला त बुडला,” काकी म्हणाली. “आता माजी सून जाल. घरटी एक मानूस लागतोच.”

“काकी, नियमाने तू बाद झालीस.”

“कोनी केला नियम?”

“मी.”

“मंग बदल.”

जगभरातले लेखक या खेळाच्या नियमांवर वर्षानुवर्षं डोकं शिणवतात. काकीला पान खाता खाता पाव मिनिट लागलं. सून गेली, सुनेमागे दीर गेला, आणि काकीचं घर काही खेळातून हलेना. मला हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात आईने, अगदी सहज, विचारलं, “आनि आपल्या घरातना कोन?”

ती खेळातलंच विचारत होती. पण विचारून झाल्यावर तिचं तिलाच कळलं. काकी पानाचा डबा उघडून त्यात बघत बसली. ओट्यावरचं क्रिकेट बंद झालं.

बाबा आत आले. उभ्यानेच हात पुढे केला. “तो फासा दे हिकडं.”

त्यांनी तो तळहातावर फिरवून बघितला, लिंबाएवढासुद्धा नाही, आणि टाकला. तीन पडले.

मला भयंकर वाटलं. एवढ्या वर्षांनी माणूस बांधावर आला आणि माझ्या नियमाने मी त्याला बुडवणार होते. “बाबा, फासा घसरला,” मी म्हटलं. “परत टाक.”

“घसरला नाय. तीन त तीन.” ते खाली बसले. “पन मी व्हतो ना बांधावर?”

“होतास.”

“मंग तसा लिव.”

मी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि ते कोणाला दिसू द्यायचं नव्हतं. काकीला दिसलं. तिने मला पान दिलं.

त्या आठवड्यात मी सगळे हिरो काढून टाकले, खेकडेवालीसकट. एक नवा नियम घातला: फासा कितीही पडो, आधी कागदावर लिहायचं की या घरातून माणूस आला होता. प्रकाशकांनी त्या ओळीसमोर शेरा मारला, ‘याने खेळात काहीच फरक पडत नाही, काढावं.’ मी पुस्तकच परत घेतलं आणि बाजारातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे गेले. त्याने सवयीने वर गणपती टाकला आणि खाली माझ्या नावाआधी ‘आपली नम्र’. मी दोन्ही राहू दिलं. धंद्याचं भविष्य काय ते मला अजून कळलेलं नाही. कपाटात, मोबाइलमध्ये, मशीनच्या तोंडात, जिथे असेल तिथे असो. आमच्या गठ्ठ्यातल्या बऱ्याच प्रती अजून कॉटखाली आहेत.

प्रत्येक प्रतीच्या शेवटी खेळाडूंसाठी एक कोरं पान आहे: घर, माणूस, फासा. परवा झाडू मारताना वरची प्रत उघडी दिसली. ते पान भरलेलं होतं, बाबा ट्रेलरच्या चलनावर सही करायचे त्याच अक्षरात. घरापुढे आमच्या घराचा नंबर होता, माणसापुढे ‘मी स्वता’. फाशापुढे वीस लिहिता आले असते, बघायला तिथे कोणी नव्हतं. त्यांनी तीन लिहिले होते.