इथे जर्मन वेल्डिंग केले जाईल

आमच्या अणदूरला हायवेच्या कडेला सिद्रामप्पांचे तीन गाळे आहेत. पहिल्यात ते स्वतः ग्रिल, गेट आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात, मधल्यात मी गाड्यांची सीट कव्हरं शिवतो आणि तिसऱ्यात श्रावस्ती बसते. तिच्या गाळ्यावर निळ्या अक्षरांत पाटी आहे: 'इथे जर्मन वेल्डिंग केले जाईल.' या पाटीवरून जेवढा तमाशा झाला तेवढा आमच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही झाला नसेल. गावात जो तो आपापल्या सोयीनं ती गोष्ट सांगत सुटलाय, आणि मला ते ऐकवत नाही. म्हणून मीच सांगतो.

जर्मन म्हणजे अल्युमिनियम. आमच्याकडं आजीपासून नातीपर्यंत सगळ्या तेच म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, दुधाचा जर्मनचा कॅन. हा शब्द आला कुठून ते मला ठाऊक नाही आणि जर्मनीला आमच्यातलं कुणी गेलेलं नाही. श्रावस्तीचे वडील ज्ञानोबा डेअरीत दुधाचे कॅन धुवायचे. कॅन चिरला की तो घेऊन त्यांना सोलापूरला जावं लागायचं, कारण लोखंड जोडणारे इथं पैशाला पासरी, पण जर्मन जोडणारा एकही नव्हता. पोरीनं ते लहानपणीच डोक्यात घेतलं. आयटीआय केलं, चाकणच्या एका कारखान्यात टाक्या जोडत काही वर्षं काढली आणि एक जुनं मशीन घेऊन गावाला परत आली. लोक म्हणाले, लग्न करायचं सोडून हे काय भलतंच. ती म्हणाली, "लग्नाला मशीन आडवं येत न्हाय. तुमीच येताय."

तिचं काम मी शेजारून रोज बघतो. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं, बाबा आता पुरे. जर्मन काहीच सांगत नाही. रंग तसाच राहतो आणि एकाएकी बसकण मारतं, मग हाताखाली भोक उरतं. म्हणून ती जोड घालताना बोलत नाही आणि दुसऱ्यालाही बोलू देत नाही. जर्मन घासायचे तिचे तारांचे ब्रश वेगळे, निळ्या दांड्याचे. ते लोखंडाला कधी लावायचे नाहीत. लोखंडाचा कण जर्मनमध्ये गेला की जोड आतून नासतो म्हणे.

मी एकदा तिला चिडवलं, "तुझ्याकडंबी सोवळं-ओवळं हाय म्हण की."

"हे धातूचं हाय काका," ती म्हणाली, "माणसाचं न्हाय."

पुढचं सगळं रामायण या ब्रशापासून सुरू झालं. एका दुपारी सिद्रामप्पा गंजलेलं गेट घासत होते. त्यांचा ब्रश झिजला होता, म्हणून त्यांनी तिच्या टेबलावरचा निळ्या दांड्याचा ब्रश उचलला, गेट घासलं आणि ब्रश जागेवर आणून ठेवला. श्रावस्तीनं तो पाहिला, उचलला आणि अप्पांच्या देखत भंगाराच्या डब्यात टाकला. समोर चहाच्या टपरीवर अर्धं गाव बसलेलं होतं.

अप्पा म्हणाले, "माझा हात लागला म्हणून फेकलास व्हय गं?"

आता खरं बोलायचं तर आमच्या गावात कुणाचा हात लागला की कुणाची वस्तू बाजूला ठेवायची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. ज्ञानोबांच्या लहानपणी त्यांच्या घरच्यांचा कप हॉटेलाबाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. तो खिळा ज्यांनी ठोकला, त्यांच्याच नातवाला, अप्पांना, आज वाटलं की आपला हात विटाळाचा ठरवला. मला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

श्रावस्ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या हाताचं काय न्हाय अप्पा. तुमचं लोखंड लागलंय त्याला."

अप्पांना त्यातलं लोखंड ऐकूच आलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

त्याच सुमारास कृष्णराज आला. मूळचा तेरचा, पण पुण्यात वाढलेला. त्यानं चिखलमातीत पळवायची एक परदेशी मोटरसायकल कुणाकडून तरी घेतली होती. सांगाडा चांगला, अल्युमिनियमचा, पण इंजिन मेलेलं आणि त्याचे पार्ट कुठं मिळेनात. त्या सांगाड्यात आपल्याकडच्या गाडीचं इंजिन बसवून त्याला माकणीच्या धरणाकाठी होणाऱ्या शर्यतीत उतरायचं होतं. हायवेनं जाताना त्यानं पाटी वाचली आणि गाडी थांबवली.

"तुम्ही जर्मन वेल्डिंग करता?" त्यानं विचारलं.

"व्हय. जर्मनचंच करते, दुसरं कायबी करत न्हाय."

त्यानं विचारलं ते त्याच्या परीनं बरोबर होतं आणि तिनं सांगितलं ते तिच्या परीनं. दोघंही खूश.

एकाचं इंजिन दुसऱ्याच्या सांगाड्यात घालायचं म्हणजे भोकं जुळत नाहीत, उंची जुळत नाही, काहीच जुळत नाही. मी तिला म्हटलं, "आपला खंडोबा काही महिने अणदूरला राहतो आन् काही नळदुर्गला. देवाला दोन घरं चालतात, मग इंजिनाला दुसरं घर का चालू नये?"

"देव हादरत न्हाय काका," ती म्हणाली, "इंजिन हादरतं."

जुनं इंजिन ज्या कानांना लटकायचं ते कान तिनं कापून काढले आणि जाड पत्र्यातून नवे घडवले. इंजिनाचं रिकामं टरफल सांगाड्यात बोल्टांनी आवळून ठेवलं, म्हणजे उष्णतेनं सांगाडा पिळला जाणार नाही. मग थोडा जोड इकडं, थोडा तिकडं, मध्ये थांबणं, पुन्हा थोडा. जोड इतका सारखा पडला की बायकांनी करंजीच्या कडा मुरडाव्यात तसा. एवढं झाल्यावर तिनं सांगाडा आढ्याला टांगून ठेवला आणि कृष्णराजला सांगून टाकलं, काही आठवडे हात लावायचा नाही. या जातीचं जर्मन जोडल्यावर ढिलं पडतं, नुसतं टांगून ठेवलं की हळूहळू पुन्हा कडक होतं.

मी म्हणालो, "लोणचं घातलंस का काय?"

"तसंच समजा. मुरल्याबिगर वाढायचं न्हाय."

कृष्णराज दर आठवड्याला यायचा आणि हात हलवत परत जायचा. शेवटी वैतागून अप्पांच्या दुकानात जाऊन बसला आणि म्हणाला, जर्मन टेक्निकला इतका वेळ लागतो का? अप्पा अशाच घटकेची वाट बघत होते. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "कसली टेक्निक घेऊन बसलास? जर्मन म्हंजी पातेल्याचं जर्मन. ती पोरगी बायकांची पातेली जोडती."

कृष्णराजचा चेहरा बघण्यासारखा झाला. मुकाट घरी जाता तर शहाणा ठरला असता, पण त्यानं पाटीसमोर उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ काढला. जर्मन म्हणून गावठी काम गळ्यात मारतात, सावध राहा, वगैरे वगैरे. तो जिल्हाभर फिरला. डेअरीवाल्यांनी कॅन पाठवणं बंद केलं. आमच्याच गावची माणसं पाटीखाली उभी राहून दात काढत फोटो घेऊ लागली. त्यांच्या घरात जर्मनचं पातेलं नव्हतं की काय? मला इतकी चीड आली की दोघांना मी दुकानासमोरून हाकलून दिलं.

मग अप्पा तिच्या दारात आले. "माझ्या गाळ्याची बदनामी व्हायली. पाटी उतरव, न्हायतर पाडव्याला गाळा खाली कर."

ते गेल्यावर मी तिला समजावलं, एका शब्दाचा प्रश्न आहे, जर्मन पुसून अल्युमिनियम लिही आणि सुटून जा. ती माझ्यावरच उखडली.

"काका, पातेलं चिरलं की बाई काय म्हणती? जर्मनचं पातेलं चिरलं म्हणती. ती पाटी तिच्यासाठी हाय. माझा बाप आयुष्यभर जर्मनचे कॅन धूत आला. ह्या पोराला कळलं न्हाय म्हणून आमचा शब्द खोटा?"

मी सीट कव्हराच्या उरलेल्या कापडानं पाटीवरची धूळ पुसून आलो.

कृष्णराज गाडी परत न्यायला आला तेव्हा सांगाडा मुरला होता आणि इंजिन बसवून झालं होतं. तो म्हणाला, असल्या जोडावर बसून मी मान मोडून घेऊ का? श्रावस्तीनं हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"तू नको बसू, म्या बसते. माकणीला शर्यत हाय ना तुझी, तिथंच, सगळ्यांम्होरं. जोड सुटला तर पाटी म्याच उतरवीन आन् गाळाबी सोडीन. न्हाय सुटला तर तू त्याच गाडीवर पळायचं."

अप्पा त्यांच्या दारातून ऐकत होते. "शब्द हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाय," ती म्हणाली.

माकणीला गाडी माझ्या ओळखीच्या पिकअपमधून नेली. पाणी मागं सरकलेलं होतं आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर मातीचे उंचवटे करून रस्ता आखला होता. त्यातला शेवटचा उंचवटा माणसाच्या डोक्याच्या वर. शर्यतीआधी पोरं सराव करत होती. व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला, त्यामुळं श्रावस्ती हेल्मेट घालू लागली तसे मोबाईल वर झाले. जीपला टेकून सिद्रामप्पाही उभे होते. मला म्हणाले, इकडं काम होतं. माकणीत त्यांचं काय काम होतं ते खंडोबालाच माहीत.

गाळ्यामागच्या माळावर तिनं जोड घातलेल्या कितीतरी गाड्या पळवल्या होत्या, पण अशी उडी कधी मारली नव्हती. पहिल्या फेरीत ती शेवटच्या उंचवट्यावरून उडाली आणि दाणकन उतरली. गाडी दबली, उसळली, पुढं गेली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण कुणीतरी ओरडलं, "हळूच मारली," आणि ही बाई वळली. दुसऱ्यांदा ती एवढ्या जोरात आली की गाडी हवेतच पुढून कलली, पुढच्या चाकावर आदळली, श्रावस्ती एकीकडं फेकली गेली आणि गाडी तीन कोलांट्या खाऊन दुसरीकडं पडली.

मी धोतर सावरत पळालो. ती धुळीत बसून उजवं मनगट डाव्या हातात धरून होती. मनगट वाकडं दिसत होतं. कृष्णराजही धावत आला, पांढराफटक, आणि तिला उठवायला वाकला.

"हात राहू दे," ती म्हणाली. "आधी जोड बघ."

त्यानं गाडी उभी केली. हँडल वाकलेलं, पाय ठेवायचा दांडा तुटलेला. त्यानं शर्टाच्या बाहीनं माती पुसली आणि प्रत्येक जोडावरून नख फिरवलं. एकदा, मग पुन्हा. नख कुठंच अडकलं नाही. त्यानं किक मारली आणि इंजिन सुरू झालं. मग हँडल सरळ करून घेतलं, दांडा बदलला आणि त्याच गाडीवर शर्यतीत उतरला. नंबर आला नाही, पण मान जाग्यावर आहे. व्हिडिओ काढून टाकू का असं त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "राहू दे. पाटी लोकांना दिसती त्यात."

अप्पा कधी निघून गेले ते कळलं नाही. पाडवा आला आणि गेला, गाळा कुणी मागितला नाही. श्रावस्ती हात प्लास्टरमध्ये घालून पाटीखाली खुर्ची टाकून बसायची. कॅन परत यायला लागले होते आणि ती डेअरीवाल्यांना थांबायला सांगत होती.

परवा अप्पा आले. खांद्यावर लग्नकार्याचं भलंमोठं पातेलं, बुडाला चिरलेलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि बाहेर हायवेकडं बघत राहिले. "शरणम्मानं पाठवलंय," ते म्हणाले. शरणम्मा म्हणजे त्यांची बायको.

"कशाचं हाय?" श्रावस्तीनं विचारलं.

अप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी सुई-दोऱ्यात डोकं घातलं.

"जर्मनचं," ते म्हणाले.

"हात बरा झाला की जोडते. घासून मात्र आत्ता घ्या, माझा हात चालत न्हाय." तिनं डाव्या हातानं नवा ब्रश त्यांच्यापुढं धरला, निळ्या दांड्याचा. "हे घ्या. पण तुमच्या लोखंडाला लावला तर याद राखा, ह्योबी फेकून देईन."

अप्पांनी ब्रश घेतला आणि खाली बसून पातेलं घासायला लागले.