धामापूरकरणीची घागर

मालवणच्या प्रसूतिगृहात सुईणपणाचं शिक्षण घ्यायला आम्ही पाच जणी होतो. मी आचऱ्याची. एक वेंगुर्ल्याची ख्रिस्ती, एक मासेमारी करणाऱ्या गाबितांची, एक धामापूरची ब्राह्मण बालविधवा, आणि एक फोंडाघाटची. तिच्या घरच्यांनी नुकताच बौद्ध धर्म घेतला होता. वसतिगृहाचं पाणी भरायचं काम सिस्टरांनी माझ्या गळ्यात बांधलं आणि वर्षभर माझ्या कपाळावरच्या आठ्या गेल्या नाहीत.

धामापूरकरणीची घागर वेगळी. तिला फोंडाघाटवालीचा नुसता पदर लागला तरी ती सगळं पाणी ओतून देई, आणि मी पुन्हा विहिरीवर. वॉर्डात मात्र त्या दोघी एकाच बाळंतिणीपाशी उभ्या राहून एकमेकींच्या हातातून कात्री घेत. शेवटी मी धामापूरकरणीला विचारलंच, की तिथे चालतं ते इथे का नाही?

ती शांतपणे म्हणाली, "वॉर्डात मी नर्स. इथे मी आमच्या घरातली."

त्या दिवसापासून मी तिचं पाणी भरणं सोडलं. तिने तक्रार केली. सिस्टरांनी झापलं ते मला, भांडणं लावते म्हणून. मी चिडून फोंडाघाटवालीला म्हटलं, तू तरी तोंड उघड. तिने पुस्तकातून मानही वर केली नाही.

"माका तिचां पाणी नको गो. माका पास होवचां आसा."

ती पहिली आली, आणि तिची नेमणूक झाली नेमकी धामापूरजवळ. पुढच्याच वर्षी धामापूरकरीण रजेवर घरी आलेली असताना तिची भावजय अडली. मूल पायाळू होतं. एकटीने निभणार नाही हे ओळखून तिने फोंडाघाटवालीला चिठ्ठी पाठवली. ती तडक गेली. दोघींनी मिळून बाळ सोडवलं, मायलेकरं सुखरूप.

हे कळल्यावर मी फोंडाघाटवालीवरच उखडले. एवढं सगळं सोसून कशाला गेलीस?

"पायाळू बाळ मिया कधी काडूक नाय होतां," ती म्हणाली. "माका तां शिकाचां होतां."

धामापूरकरणीचंही मला पत्र आलं. भावजयीची तब्येत, बाळाचा रंग, बारशाचा दिवस, सगळं सविस्तर. मदतीला कोण आलं होतं, त्याबद्दल एक ओळ नव्हती. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.