शेवटची चार अक्षरं

मला छंद-वृत्त कुणी शिकवलं नाही. सातवीत शाळा सुटली. अभंगाची अक्षरं बोटांवर मोजायला शिकले ती लालबागच्या आमच्या चाळीत, ह्यांच्या भजनाला बसून बसून. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. तो आखूड चरण बुवा स्वतः म्हणायचेच नाहीत, मागच्यांनी उचलायचा. हे कायम मागच्यांत. "जन्मभर चार अक्षरांचे धनी तुम्ही," असं मी चिडवायचे.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे आणि आम्ही सतराव्या मजल्यावर. ह्यांना झटका आला, उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. साधं 'पाणी' म्हणता येत नाही, पण अभंग लावला की शेवटची चार अक्षरं अचूक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गात राहा. म्हणून मी रोजच्या गोष्टी त्या मापात बसवते. पण जरा उठले की हे डाव्या मुठीत माझा गाऊन धरतात आणि ओरडतात. दीड वर्षात मी खाली गेटपर्यंत गेलेली नाही. खिडकीतून शिवडीची खाडी दिसते. पाहुणे म्हणतात, काय व्ह्यू आहे! त्यांना परत जायचं असतं ना.

शनिवारी खाली हॉलमध्ये आमच्या बायकांचं भजन असतं. त्या दिवशी शेजारीण आली. "काकी, मी बसते काकांजवळ. तुम्ही जा बघू. तुमच्याशिवाय सगळ्या बेसूर झाल्यात."

"मी होते तेव्हा कुठे सुरात होत्या?"

हसले खरी, पण गाऊन मुठीतच होता. मग नेहमीचंच लावलं,

दुपार सरली, चहा झाला गार,
उघडते दार...

पुढे 'वारा येई', रोजचं ठरलेलं. पण त्या दिवशी दार म्हणताना मी खरंच दाराकडे बघितलं. मी थांबले. ह्यांनी सवयीनं चरण उचलला.

"जाऊन ये."

"अगं बाई, काका बोलले!" शेजारीण ओरडली. आणि मी वेडी, बोटांवर मोजत बसले. चार. बरोबर.

मूठ मात्र सुटली नव्हती. मग मी तीच चार अक्षरं परत म्हटली, सावकाश, आणि एकेका अक्षराला त्यांचं एकेक बोट सोडवलं. अंगठा तेवढा राहिला.

"लिफ्ट धरून ठेवू, काकी?"

"धर," म्हटलं. "आलेच."