एकाच दिवशी तोडलेलं दूध

माझी आई, वेणूबाई, नावडे गावामागच्या डुकरांच्या फार्मवर कामाला आहे. मला त्या जागेची चीड येते. कामोठ्याला आमच्या खोलीबाहेरच तिचे कपडे वाळत घालतो, तरी वास आत येतोच.

तिथे पिल्लं तीन आठवड्यांची झाली की सगळ्यांचं दूध एकाच दिवशी तोडतात. डुकरीण लवकर गाभण राहते, मालकाला तेच हवं असतं. धडधाकट पिल्लं कोरडं खाद्य खायला लागतात. बारकी हगवणीने खंगतात आणि मरतात. या खेपेला आई मालकाशी भांडली आणि बारक्या पिल्लांना आणखी आठवडाभर डुकरिणीपाशी ठेवून घेतलं.

रविवारी मी डबा घेऊन गेले, तेव्हा ती एका मरतुकड्या पिल्लाला उचलून आचळाला लावत होती. माझं डोकंच फिरलं. आम्ही जुळ्या बहिणी. जेमतेम सहा महिन्यांच्या होतो, तेव्हा आईने छातीला कडुलिंब चोळून दोघींचं दूध एकदमच तोडलं, आम्हाला गावी मावशीकडे ठेवलं आणि इकडे कामाला आली. बारकी अक्षता महिन्याभरात गेली.

"डुकराच्या पिल्लासाठी भांडतेस," मी ओरडले, "मग अक्षतासाठी का नाही थांबलीस?"

आईने पिल्लावरचा हात काढला नाही.

"तू पयल्याच दिवशी वाटीतलं दूध पिलीस गं," ती म्हणाली. "मला वाटलं, तीबी पिईल."